बार्गेन म्हणून घेतलेलं मशीन

मुलांनो, गेल्या रविवारी तुमच्यातल्या धाकटीने फोनवर मला उत्साहाने सांगितलं, "आजी, आज मला एक मस्त बार्गेन मिळालं!" तिच्या घराजवळ कुणा एकट्या बाईंचं घर मोकळं करत होते. त्या सामानातून तिने खणांचं एक टेबल जवळजवळ फुकटात आणलं. मी फोन कानाला तसाच धरून राहिले. ती म्हणाली, "आजी, लाइन कट झाली का?" लाइन ठीक होती.

थोरला दर दिवाळीला विचारतो, "आता एकटी कशाला राहतेस नगरला? आमच्याकडे ये." मी दर वेळी गुडघ्यांचं कारण सांगते. गुडघे दुखतात हे खरं आहे, पण कारण ते नाही. धाकटीला मी उत्तर का दिलं नाही आणि थोरल्याला खोटं का सांगते, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. माझं वय आता नव्वदीला टेकलं. अजून हात थरथरत नाही तोवर ते नीट, क्रमाने लिहून ठेवते.

सत्तेचाळीस साली मी तेरा वर्षांची होते आणि मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकत होते. आमच्या इंग्रजीच्या बाई कडक होत्या. रोज एक नवा शब्द फळ्यावर लिहायच्या. वहीत तीन रकाने आखायचे: शब्द, अर्थ, वापर. पहिले दोन त्या सांगायच्या. तिसरा आम्ही दुसऱ्या दिवशीपर्यंत भरायचा, तोही पुस्तकातलं वाक्य उतरवून नाही. शब्द घरी, बोळात, बाजारात खरोखर जिथे लागू पडला असेल ते लिहायचं. "जो शब्द तुम्ही वापरला नाही तो तुमचा नाही," असं त्या म्हणायच्या. मला शब्द आपले करून घेण्याचा हव्यास होता. माझा तिसरा रकाना कधी रिकामा नसे.

आमच्या घरासमोर, बोळाच्या पलीकडे, खाला राहायची; खाला म्हणजे मावशी, सगळा बोळ तिला तसंच म्हणायचा. बोळ इतका अरुंद होता की तिच्या उंबऱ्यातून आमच्या उंबऱ्यात वाटी सरळ हातात देता यायची. तिचे यजमान, आमचे खालू, शिंपी होते, कॅम्पातल्या साहेबलोकांचे कपडे शिवायचे. खाला घरी बसून बायकांची पोलकी आणि पोरींची परकर-झंपरं शिवायची. तिचं हातमशीन होतं, काळंभोर, वर लाकडी घुमटासारखं झाकण. दुपारी जेवणं झाली की ते सुरू व्हायचं. लांब शिवण, एक थांबा, मग दोन छोटे टाके, पुन्हा लांब शिवण. मी त्या आवाजात अभ्यास करायची. तिची चार वर्षांची मुलगी शेजारी बसून चाकाची मूठ धरायचा हट्ट करायची आणि खाला तिच्या हातावर आपला हात ठेवून चाक फिरवायची.

शाळेतून आले की खाला उंबऱ्यातूनच हाक मारायची, "काय गं मडम, आज कुठला शब्द खाल्लास?"

मी शब्द सांगायची, अर्थ सांगायची. ती तो दोन-तीनदा म्हणून बघायची आणि म्हणायची, "बस. आता हा माझापण झाला. तुझ्या बाईंना सांग, फी पाठवत नाही म्हणून."

आता बोळातल्या एका रीतीबद्दल सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीवरच फिरतं. बाजारात विकणारा चढी किंमत सांगतो आणि घेणारा ती पाडतो. आमच्या बोळात, आपल्या माणसांत, हे उलटं चालायचं. विकणारी मुद्दाम अगदी कमी आकडा सांगायची. तो ऐकून हो म्हणायचं नसे. घेणारीने वाढवायचं, विकणारीने नको नको म्हणायचं, पुन्हा घेणारीने वाढवायचं. असं दोन-तीनदा झालं की योग्य किंमत आपोआप यायची आणि कुणालाही आपल्या माणसाकडे तोंडाने पैसे मागावे लागायचे नाहीत.

खाला पोलकं शिवून आणायची आणि म्हणायची, "दे दोन आणे."

आई म्हणायची, "दोन आण्यांत दोरा तरी येतो का? पाच घ्या."

"पाच? मी काय पुण्याचा टेलर आहे, वहिनी? तीन दे."

"चार. आता बोलाल तर चहा मिळणार नाही."

हे मी शंभरदा ऐकलं होतं. मला रीत माहीत नव्हती असं मी कधीच म्हणणार नाही. नीट माहीत होती.

त्या वर्षीचा पावसाळा संपत आला तोवर खालाच्या घरातली कामं आटली होती. गोरे साहेब निघून जात होते. बाजारात कुजबुज असायची, बोळाच्या तोंडाशी नको ती माणसं उभी राहायची. खालूंचे थोरले भाऊ पाथर्डीच्या पुढे, निजामाच्या हद्दीतल्या एका खेड्यात राहायचे. त्यांचा निरोप आला की इकडे राहू नका, आमच्याकडे या. हे मला पुढे कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की खाला हल्ली शब्द विचारायला विसरते.

आई त्या दिवसांत श्रीगोंद्याला होती, मामीच्या बाळंतपणासाठी. घरात वडील आणि मी. वडील सकाळी दहाला कचेरीत जायचे. आईने खर्चाचे पैसे तुरीच्या डाळीच्या डब्यात ठेवले होते आणि घर माझ्यावर सोपवलं होतं.

त्या दिवशी बाईंनी फळ्यावर लिहिलेला शब्द होता बार्गेन. अर्थ सांगितला: किमतीपेक्षा कमी पैशांत मिळालेली चांगली वस्तू. आमच्या भाषेत त्याला नेमका एक शब्द मला सुचेना, म्हणून तो मला फारच आवडला. शाळा दुपारी सुटली. घरी येऊन जेवले आणि वही उघडून बसले. तिसरा रकाना रिकामा होता.

तेवढ्यात खाला आली. कडेवर मूल घ्यावं तसं तिने मशीन घेतलं होतं, झाकणासकट. ते तिने आमच्या खिडकीखालच्या पाटावर ठेवलं आणि पदराने घाम पुसला.

"आई कधी येणार गं?"

"पुढच्या सोमवारी."

"सोमवारी." तिने मान हलवली. सोमवार तिच्या उपयोगाचा नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. "आम्ही गावी जातोय, बेटी. वाटेत हे ओझं झेपणार नाही. तुमच्याकडे असू दे."

"विकणार?" मी विचारलं.

तिने एकदा बोळाकडे बघितलं. मग म्हणाली, "घे. पंधरा रुपये दे."

त्या मशीनची किंमत त्याच्या दसपट तरी होती. बोळातलं शेंबडं पोरही ते सांगू शकलं असतं. डब्यात पंधरापेक्षा थोडे जास्तच रुपये होते. मला म्हणता आलं असतं, पंधरा कसे, खाला? वडील संध्याकाळी येतील, थांबा. मला म्हणता आलं असतं, वीस घ्या. साधे वीस म्हटले असते तरी तिने "नको" म्हटलं असतं, मी पुन्हा वाढवलं असतं, आणि वडील येईपर्यंत ती बसून राहिली असती. पण माझ्या डोक्यात तो शब्द लखलखत होता. मी उठले, डाळीत हात घातला आणि पंधरा रुपये तिच्या हातावर ठेवले.

ती तशीच उभी राहिली.

बाहेर कल्हईवाला ओरडत आला. बोळाच्या एका टोकाला त्याची हाक सुरू झाली, आमच्या दारावरून गेली, दुसऱ्या टोकाला जाऊन विरली. तेवढा सगळा वेळ खाला मशीनच्या झाकणावरून हात फिरवत उभी होती. माझ्याकडे बघत नव्हती. ती वाट बघत होती. आपल्या माणसाकडून पुढचा आकडा येण्याची वाट. आणि मी हसऱ्या तोंडाने तिच्यासमोर उभी होते.

मग तिने पैसे कनवटीला लावले आणि माझ्या हनुवटीला हात लावून विचारलं, "मडम, आजचा शब्द राहिला की."

"बार्गेन!" मी म्हणाले. "म्हणजे कमी पैशांत मिळालेली चांगली वस्तू."

"बार्गेन," ती म्हणाली. एकदाच. दुसऱ्यांदा म्हणून बघितला नाही. "चांगला शिकलीस."

ती गेल्यावर मी वहीचा रकाना भरला: आज मला एक बार्गेन मिळालं. मग झाकण काढलं. मशीनच्या दाबपट्टीखाली माझंच पोलकं होतं. दिवाळीसाठी मी तिला दिलेलं मोरपंखी कापड. सगळं शिवून झालं होतं, एक बाही लागली होती आणि दुसरी बाही लावता लावता सुई कापडात तशीच रुतलेली होती. ती शेवटच्या घटकेपर्यंत माझं पोलकं शिवत बसली होती.

मी धावत बोळात गेले. समोरच्या दाराला कुलूप होतं. वाण्याने सांगितलं, टांगा आत्ताच गेला.

सोमवारी आई आली. मशीन बघून तिने विचारलं, मी सगळं सांगितलं, थोडं कौतुकाच्या अपेक्षेनेही. आईने मला मारलं नाही. ती खाली बसली आणि म्हणाली, "तिनं पंधरा म्हटलं आणि तू पंधरा दिलेस?"

"हो."

"आणि ती काय म्हणाली?"

"काही नाही."

"काही कसं म्हणेल? तू तिला दारावर आलेली फेरीवाली केलीस." मग माझ्याशी नाही, स्वतःशीच, "लेकराला घेऊन निघाली होती. वाटेला पैसे लागणार म्हणून आली असेल."

आईने सुई वर उचलून पोलकं अलगद सोडवलं, घडी केली आणि ट्रंकेत ठेवलं. दुसरी बाही तिला लावता येत होती. मी म्हटलंही. ती म्हणाली, "ज्याचं काम त्यानं पुरं करायचं." त्या दिवाळीला मी जुनं पोलकं घातलं.

वडिलांनी खालूंच्या भावाच्या गावी दोन पत्रं टाकली. निजामाच्या मुलखातलं टपाल वेगळं. पत्रं पोहोचली की नाही कळायला मार्ग नव्हता.

आणि मग दुपारी आवाज यायला लागला.

मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही, आजही नाही. जे ऐकलं तेच लिहिते. जेवणं झाल्यावर, बोळ शांत झाल्यावर, समोरच्या कुलूपबंद घरातून मशीन चालल्याचा आवाज यायचा. लांब शिवण, थांबा, दोन छोटे टाके. आमच्या खिडकीखालचं मशीन झाकणाखाली गप्प असायचं. मी उठून त्यावर हात ठेवून बघायची. गार असायचं. आवाज समोरूनच यायचा. त्या थांब्याची मला फार भीती वाटायची. थांबा मुद्दाम लांबतोय, माझ्या बोलण्याची वाट बघतोय असं वाटायचं. मी कुणाला सांगितलं नाही. इंग्रजी शिकणाऱ्या मुलीने असलं काही सांगायचं नसतं.

एके दुपारी आई तांदूळ निवडत होती. तिचा हात मध्येच थांबला. ती समोरच्या दाराकडे बघत राहिली.

मी हळूच विचारलं, "तुलापण ऐकू येतं?"

"तांदळात खडे फार आहेत," आई म्हणाली. तिने सूप उचलून समोरच्या दाराकडे पाठ केली.

पुढच्या वर्षी भाद्रपदात आपलं लष्कर निजामाच्या मुलखात गेलं. वडील पेपर वाचून दाखवायचे तेव्हा सगळं चार-पाच दिवसांत आटोपल्यासारखं वाटलं. मग त्या बाजूची माणसं नगरच्या बाजारात यायला लागली आणि खालच्या आवाजात वेगळं सांगायला लागली. आई पाथर्डीहून येणाऱ्या गाडीपाशी जाऊन उभी राहायची. संक्रांत झाली आणि एका सकाळी तिने वडिलांना सांगितलं, "मी आणि ही जाऊन येतो. मशीन देऊन येतो."

"काळ बरा नाही," वडील म्हणाले.

"म्हणूनच," आई म्हणाली.

पाथर्डीपर्यंत सर्व्हिसच्या मोटारीने गेलो. मशीन आळीपाळीने मांडीवर. तिथून पुढे बैलगाडी. वाटेत एक पांढरी मशीद लागली, तिच्या दाराला फळी ठोकलेली होती. गाडीवान त्या बाजूला न बघता बैलांशी बोलत राहिला. खेड्यात पोहोचलो तेव्हा दुपारच होती. खालूंच्या भावाचं घर आम्ही विचारत गेलो. घराला छप्पर नव्हतं. आत बाभळीचं एक रोप उगवलं होतं.

शेजारच्या घरातून एक वयस्कर शेतकरीण बाहेर आली. तिने आम्हाला ओसरीवर बसवलं, पाणी दिलं.

"कोन पाहिजे?" तिने विचारलं.

आईने सांगितलं, नगरहून शिंप्याचं कुटुंब आलं होतं, बाई, तिची लहान मुलगी.

"व्हय, आल्ते की. बाई लई गुनाची. माझ्या नातवाचं आंगडं तिनंच शिवलं. हातानं हं. मी म्हनलं, बाई, शिंप्याची बायकू आन् मशीन न्हाई? तर हासायची. म्हनायची, माजी मशीन हाय. नगरला एका पोरीकडं ठिवलीय."

ठिवलीय. मी आईकडे बघितलं नाही.

"म्हनायची, पोरीचं पोलकं सुईखालीच राह्यलंय, एक बाही लावायचीय. जाईन तवा लावीन." मग तिची नजर आमच्या मध्ये ठेवलेल्या लाकडी झाकणावर गेली. ती जवळ आली, झाकणाला बोट लावलं. "हीच का ती?"

आईने मान हलवली.

"मंजी ती इंग्रजी शिकनारी पोरगी तूच."

मी रडायला लागले. तिने माझी समजूत काढली नाही. जे झालं ते सांगितलं. त्या धामधुमीत खालूंना आणि त्यांच्या भावाला गावाबाहेर नेलं, ते परत आले नाहीत. खाला आठ दिवस या बाईच्या धान्याच्या कणग्यामागे मुलीला घेऊन लपली होती. मग हैदराबादकडे जाणाऱ्या माणसांबरोबर गेली. पुढचं ठाऊक नाही.

आईने विचारलं, "मशीन तुमच्याकडे ठेवू? ती परत आली तर..."

"नगं, बाई." म्हातारीने दोन्ही हात मागे घेतले. "हिथं कशाला यील ती? हिथं तिचं काय हाय? ती मशीन नगरला हाय आसं समजून गेल्ती. आली तर नगरलाच यील. तिथंच ऱ्हाऊ द्या."

मशीन मांडीवर घेऊन आम्ही परत आलो. घरी आल्यावर आईने ते पुन्हा खिडकीखालच्या पाटावर ठेवलं आणि वडिलांना सांगितलं, "हे आपण घेतलेलं नाही. आपल्याकडे ठेवलेलं आहे." त्यानंतर समोरचा आवाज बंद झाला असं मी लिहिलं तर ते खोटं होईल. तो येत राहिला. समोरचं घर पडून तिथे नवी इमारत झाली तेव्हा थांबला. मग काही वर्षांनी, आई गेली त्यानंतर, एका दुपारी पुन्हा आला. आताही कधीकधी येतो. मी हातातलं काम ठेवते आणि थांबा आला की मोठ्याने "वीस" म्हणते. तुम्ही हसाल. घरात दुसरं कुणी नसतं, त्यामुळे चालतं.

मी पुढे शिक्षिका झाले, पंचवीस वर्षं इंग्रजी शिकवलं. बार्गेन हा शब्द धड्यात यायचा. मी अर्थ सांगायची आणि मुलींना म्हणायची, वापराच्या रकान्यात लिहिताना ज्याच्याकडून वस्तू मिळाली त्याचंही एक वाक्य लिहा. मुलींना ते विचित्र वाटायचं. धाकटीला माझं तेवढंच सांगणं आहे. टेबल परत करू नकोस. पण त्या बाई कोण होत्या, त्या टेबलावर बसून काय करायच्या, विचारून घे.

लग्नानंतर आम्ही आईच्या याच घरात राहत होतो आणि तुमच्या आजोबांची बदली पुण्याला होणार होती. मी नाही म्हटलं. त्यांनी कारण विचारलं, मी त्यांना खिडकीखालचं मशीन दाखवलं. ते शहाणे होते, त्यांनी बदली रद्द करून घेतली. पुढे तुमच्या वडिलांनी नवीन घर बांधायचं म्हटलं तेव्हा मी एकच अट घातली, याच बोळात, याच जागी. खाला आता येणार नाही हे मला कळतं. ती आज असती तर शंभरीच्या पुढे गेली असती. पण तिच्या मुलीने त्या मशीनची मूठ धरली होती. तिलाही मुलं असतील. आईने मुलीला सांगितलं असेल की नगरला, अमुक बोळात, एका इंग्रजी शिकणाऱ्या पोरीकडे आपलं मशीन ठेवलेलं आहे. कुणी विचारत आलं तर दार उघडायला मी असायला हवी. माझ्यानंतर तुमच्यापैकी कुणीतरी. ते विकायचं नाही, कुणी कितीही देऊ केलं तरी. ते आपलं नाही.

मी दर महिन्याला त्याला तेल घालते. मशीन चालतं. पोलकं ट्रंकेत आहे, मोरपंखी रंग घडीच्या रेषेवर विटला आहे. त्याला एकच बाही आहे.